मायकोरायझा किट: पावडर बरी, कंपोस्ट कच्चं, मीटर खोटारडा

जवळपास सहा महिने वापरून मग लिहितेय, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे, आधीच सांगते. हे किट घेताना मी खालचे रिव्ह्यू वाचले होते आणि त्यातले निम्मे असे होते की "आठ दिवसांत फरक दिसला, मुळं पांढरीशुभ्र, पाच स्टार". आता माहिती झाल्यावर हसू येतं. किटमधली मायकोरायझा ही बुरशी झाडाच्या मुळांत शिरून नीट बसायलाच तीन-चार आठवडे घेते, आठ दिवसांत जो फरक दिसला तो एकतर पाण्याचा असणार नाहीतर पावडरीत मिसळलेल्या खताचा.

किटमध्ये तीन गोष्टी येतात. कंपोस्टची पिशवी, मायकोरायझा पावडरचं पाकीट, आणि मातीत खुपसायचा ओलावा मीटर, तो दोन सुयांचा, बॅटरी नसलेला. बरोबर एक रंगीत पत्रक, त्यात लिहिलंय की तिन्ही एकत्र वापरा, कंपोस्ट भरपूर घाला, माती कायम ओली ठेवा, बुरशी आपोआप वाढेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हे पत्रकच सगळ्यात चुकीचं आहे. भरपूर कंपोस्ट आणि कायम ओली माती या दोन्ही गोष्टी त्या पावडरीच्या मुळावर उठणाऱ्या आहेत, म्हणजे ज्या कंपनीने बुरशी विकली तिनेच ती मारायची कृती छापून दिलीय.

ज्यांना मायकोरायझा म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मुळांच्या आत राहणारी बुरशी. नाव १८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, ग्रीक भाषेत बुरशी अधिक मूळ एवढाच त्याचा अर्थ. पण भानगड फार जुनी आहे, स्कॉटलंडमधल्या रायनी इथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे जीवाश्म मिळालेत त्यांच्या पेशींतसुद्धा ही बुरशी दिसते. जमिनीवरच्या ७० टक्क्यांच्या आसपास वनस्पती-जातींचं हिच्याशी जमतं. व्यवहार साधा आहे. झाड साखर आणि चरबी देतं, बुरशी स्फुरद (म्हणजे फॉस्फरस), जस्त वगैरे आणून देते. स्फुरद मातीत जवळपास हलतच नाही, मुळाच्या आजूबाजूचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपला की मूळ उपाशी, मग केसापेक्षा कितीतरी बारीक असलेले हे बुरशीचे धागे त्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातात आणि तिथलं घेऊन येतात. ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथे धागा शिरतो. पण फुकट नाही हां, झाड पानांत जेवढं अन्न बनवतं त्यातलं ४ ते २० टक्के इकडे जातं असे अंदाज आहेत. हे "फुकट नाही" लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

आता पाकीट. पाकिटावरचा फोटो म्हणजे कुंडीतल्या मातीवर पांढरं जाळं पसरलंय. ती मायकोरायझा नव्हे! ती सडका पालापाचोळा, लाकूड खाणारी साधी बुरशी, ओल्या कंपोस्टवर कधीही येते, वाईट नसते पण हिच्याशी तिचा संबंध नाही. भाज्यांना लागणारी मायकोरायझा मुळाच्या आत असते आणि रंग दिल्याशिवाय मायक्रोस्कोपखालीसुद्धा नीट कळत नाही. तसंच "पांढरी मुळी" हे पण तिचं लक्षण नाही, पांढरी मुळी म्हणजे नवी, जिवंत मुळी, बस. दुसरं म्हणजे पाकिटावरच्या बुरश्यांच्या यादीत पिसोलिथसचं नाव आहे, ही पाइनसारख्या झाडांच्या मुळांवर बाहेरून गिलाफ करणारी बुरशी, कांदा-टोमॅटोला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि एक गंमत, ज्या बुरशीला वर्षानुवर्षं ग्लोमस इंट्रारॅडिसेस म्हणायचे आणि आता बहुतेक ठिकाणी रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस म्हणतात ती यादीत दोन्ही नावांनी आहे, म्हणजे प्रकार वाढवून दाखवायला सोपं. वर कोबी आणि मुळ्याचं चित्र! कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी हे सगळं खानदान आणि तिकडे पालक, बीट, राजगिरा, ही मंडळी या बुरशीला घरात घेतच नाहीत. तुम्ही पालकाच्या वाफ्यात किलोभर पावडर ओतली तरी ती मातीच.

एवढं असून पावडर मी बरी का म्हणते? कारण ती खरंच जिवंत होती. हे मला कसं कळलं ते सांगते पण आधी बाकीच्या दोन वस्तू उरकते.

कंपोस्टची पिशवी उघडली तेव्हा हाताला कोमट लागली. तयार कंपोस्ट कोमट नसतं. कंपोस्टचा ढीग तापतो तेव्हा आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो आणि ते चांगलंच, रोगजंतू आणि तणाचं बी त्यात मरतं, पण नंतर ते थंड होऊन काही आठवडे-महिने मुरावं लागतं. न मुरलेलं कंपोस्ट कुंडीत टाकलं की आतले जिवाणू त्यांचं राहिलेलं जेवण पुरं करायला मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात, रोप पिवळं, आणि ॲसिटिक वगैरे आम्लं, अमोनिया, यांनी बारीक मुळं भाजतात ते वेगळंच. मी दोन साध्या गोष्टी केल्या. एक, मूठभर कंपोस्ट ओलं करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस बंद ठेवलं, उघडल्यावर नाकाला झोंबलं, मातीचा वास यायला हवा होता. दोन, मुळ्याचं बी एका ताटलीत साध्या ओल्या मातीवर आणि एका ताटलीत या कंपोस्टवर टाकलं. कंपोस्टवरचं बी उगवलं पण कमी, आणि ज्यांचं उगवलं त्यांच्या मुळाचं टोक तपकिरी आणि आखूड. मग पिशवी तोंड उघडून, दर चार-पाच दिवसांनी हलवून, मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब येईल इतपत ओलं ठेवत सहा आठवडे मुरू दिलं. परत तीच चाचणी केली, तेव्हा छान उगवलं. म्हणजे माल वाईट नव्हता, घाईत भरलेला होता. पिशवीवर ना तयार झाल्याची तारीख ना क्षारांचा आकडा. कंपोस्टमध्ये क्षार किती आहेत हे छापायला काय जातं यांचं, रोपांसाठी तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

मीटरवर मात्र माझा खरा राग आहे. हा मीटर ओलावा मोजतच नाही, दोन वेगळ्या धातूंच्या सुया, ओल्या मातीत त्यांच्यात थोडी वीज तयार होते आणि काटा हलतो, म्हणजे तो मोजतो माती वीज किती वाहू देते ते. आणि ते ओलाव्यावर जेवढं अवलंबून तेवढंच क्षारांवर. विश्वास नसेल तर घरी करून बघा, मी डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात बुडवला तर काटा "कोरडं" वर. ग्लासभर पाणी आणि मीटर म्हणतो कोरडं! त्यात मिठाची चिमूट टाकली, काटा धावत "ओलं" वर. आता विचार करा, कंपोस्टमध्ये क्षार जास्त असतात, म्हणजे जिथे कंपोस्ट जास्त तिथे हा मीटर कायम ओलं दाखवणार. माझ्या जास्त कंपोस्टच्या कुंड्यांमध्ये रोपं माना टाकून बसलेली आणि मीटर म्हणतोय पाणी नको. उलट नुसत्या वाळूच्या मिश्रणात चांगली ओल असताना कोरडं. म्हणजे या किटमधली एक वस्तू दुसऱ्या वस्तूमुळे बिघडते, हे यांनी एकदा तरी एकत्र वापरून बघितलं असेल का? पीएचचं बटण पण आहे त्याला, त्याबद्दल न बोललेलं बरं, व्हिनेगरमध्ये आणि सोड्याच्या पाण्यात काट्याचा फरक शोधावा लागला.

त्याऐवजी वजनकाटा घ्या. कुंडीला पोटभर पाणी घालायचं, एक दिवस निथळू द्यायचं, वजन करायचं, ती झाली भरलेली कुंडी. मग पाणी न देता सोडायची, रोप दुपारी मान टाकून संध्याकाळीही सावरेना की परत वजन, ती झाली रिकामी कुंडी. रोप कामी येतं यात, म्हणून एकच कुंडी बळी द्यायची. दोन्ही वजनांच्या मधे आलं की पाणी द्यायचं. काही दिवसांत नुसती उचलून कळायला लागतं. जमिनीत लावणाऱ्यांना कुंडी उचलता येत नाही, त्यांच्यासाठी टेन्शिओमीटर म्हणून पाण्याची नळी आणि चिनीमातीची टोपी असलेलं यंत्र येतं, ते मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय ते दाखवतं आणि क्षारांनी फसत नाही. पुस्तकात निथळलेल्या मातीचा जोर साधारण ३३ किलोपास्कल (हे दाबाचं माप) आणि रोप कायमचं कोमेजायचा १५०० देतात, टेन्शिओमीटर ८०-८५ च्या आसपास हात टेकतो पण भाज्यांना त्याच्या आतच पाणी द्यायचं असतं म्हणून चालतं.

आता मुख्य गोष्ट. पावडर जिवंत आहे का आणि कुठे चालते हे बघायला मी कांदा घेतला. कांदा मुद्दाम, कारण त्याची मुळं जाडसर, फारशा फांद्या नाहीत, बारीक केसही कमी, स्फुरदासाठी तो या बुरशीवर चांगलाच अवलंबून असतो. चोवीस कुंड्या. बागेतली माती. निम्म्यांत दहा टक्के कंपोस्ट, निम्म्यांत चाळीस. निम्म्यांना वजनावर पाणी, निम्म्यांच्या खाली ताटली ठेवून कायम पाणी. आणि निम्म्यांना पावडर, निम्म्यांना उकडलेली पावडर. हो, प्रेशर कुकरमध्ये उकडून. कारण या पावडरीत ह्युमिक (कुजलेल्या पदार्थांतून मिळणारं आम्ल) आणि थोडं खतही आहे, मग एकीकडे पावडर टाकली, दुसरीकडे काहीच नाही, आणि पावडरवालं रोप मोठं झालं तर श्रेय कोणाला द्यायचं? उकडल्यावर खत राहतं, बुरशी मरते. घरातले म्हणाले कुकरमध्ये माती काय शिजवतेस, पण त्याशिवाय हा रिव्ह्यू लिहायला काही अर्थच नव्हता.

नऊ आठवड्यांनी उपटले. वरून बघितलं तर चाळीस टक्के कंपोस्ट आणि वजनावर पाणी, हे कांदे सगळ्यांत दणकट, पात जाड, हिरवीगार. पावडर उकडलेली की कच्ची, डोळ्यांना काहीच फरक नाही. झालं, मी म्हटलं एक स्टार.

पण माझी एक मैत्रीण बॉटनी शिकवते, ती म्हणाली अगं मुळं टाकू नकोस, रंगवून बघू. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक सोपी पद्धत आहे, मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करायची (हे घरी करू नका, कातडी जळते), धुवायची, मग व्हिनेगरमध्ये थोडी पेनाची शाई घालून त्यात उकळायची. बुरशी शाई धरते, मूळ धरत नाही. आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ना, मी खरंच अवाक झाले. पेशीच्या आत झाडासारखा फांद्या-फांद्यांचा निळा आकार, त्याला आर्बस्क्यूल म्हणतात, तिथेच देवाणघेवाण चालते, आणि मधे मधे फुगे, त्यात बुरशीचा तेलाचा साठा. एवढंस मूळ आणि आत एवढी वस्ती.

आणि दिसलं काय, तर उकडलेली पावडर टाकलेल्या कुंड्यांतसुद्धा बुरशी! मी म्हटलं कुकर नीट झाला नाही बहुतेक. मैत्रीण हसली, म्हणाली बागेतली माती घेतलीस ना, मग त्यात आधीपासूनच आहे. हा या सगळ्या पाकिटांचा मोठा लोचा आहे. जिथे वर्षानुवर्षं काही ना काही उगवतंय, फार नांगरट नाही, बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) नाही, तिथे बुरशी असतेच, स्थानिक, त्या मातीला सरावलेली, आणि पाकिटातली पाहुणी तिच्यासमोर फारसं काही करू शकत नाही. आपण विकत घेतो ते बऱ्याचदा आपल्याकडे असलेलंच.

दुसरं म्हणजे, चाळीस टक्के कंपोस्टच्या मुळांत बुरशी अगदी तुरळक. म्हणजे ज्या रोपांचं सगळ्यात छान चाललं होतं त्यांनीच बुरशीला दार लावलेलं. विचार केला तर बरोबर आहे. झाडाला स्फुरद कमी पडला की ते मुळांतून एक रसायन सोडतं, स्ट्रायगोलॅक्टोन, तीच बुरशीला हाक. हे कोडं २००५ मध्ये सुटलं, त्याआधी हे रसायन परोपजीवी तणाला जागं करणारं म्हणूनच माहीत होतं. स्फुरद भरपूर असेल तर झाड हाक मारणंच कमी करतं, बाजारात आयतं मिळतंय तर दलालाला वीस टक्के कशाला द्या? आणि कंपोस्टमध्ये, विशेषतः शेणा-कोंबडीच्या खतापासून केलेल्या, पिकाला लागणाऱ्या नत्राच्या मानाने स्फुरद बराच जास्त असतो. नत्राच्या हिशोबाने दरवर्षी घालत गेलं की स्फुरद मातीत साठत जातो. बुरशी कमी म्हणजे रोप वाईट असं नाही, हे मलाही पचायला वेळ लागला. पण मग एकाच पिशवीत कंपोस्ट भरपूर घाला आणि बुरशीही विकत घ्या हे काय?

कंपोस्ट घालू नका असं म्हणत नाहीये मी, गैरसमज नको. दहा टक्केवाल्या कुंड्यांत बुरशी उत्तम होती आणि माती भुसभुशीत, पाणी पटकन मुरणारी. फक्त कंपोस्टने पाणी धरण्याची ताकद "दुप्पट" होते असं पिशवीवर जे लिहिलंय ते सोडून द्या. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते, त्यात मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) १ टक्क्याने वाढला तर पिकाला मिळणारं पाणी १०० मिलिमीटर मातीमागे सरासरी १.१६ मिलिमीटरच वाढतं असं निघालं, वाळूत थोडं जास्त, चिकण मातीत आणखी कमी. खरा फायदा मातीचे कण एकमेकांना धरून छोटे दाणे बनणं, वरून पाणी आत शिरणं, हवा खेळणं, याचा.

हवा म्हटल्यावर ताटलीवाल्या कुंड्या. त्यांचं हाल कुत्रं खाईना असं झालं. कायम ओलं आणि चाळीस टक्के कंपोस्ट, हे सगळ्यात वाईट निघालं, पत्रकात नेमकं हेच सांगितलंय. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा हजारो पटींनी हळू पसरतो आणि कंपोस्टमधले जिवाणू असलेला प्राणवायू संपवतात, मग मूळ गुदमरतं आणि त्याच्या आत राहणारी बुरशीही, तिलाही श्वास लागतो. दोन कुंड्यांत मुळांची टोकं तपकिरी, साल ओढली की हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो, मुळकूज. हे काम बहुधा पिथियमसारख्यांचं, ज्यांना आपण बुरशी म्हणतो पण ते खऱ्या बुरश्यांपेक्षा शैवालांच्या नात्यातले, आणि त्यांचे बीजाणू चक्क पोहतात, पाणी साचलं की त्यांना रस्ता मोकळा. म्हणजे ओलावा वाढवून आपण चांगल्या बुरशीचा गळा दाबला आणि वाईटाला गाडी पाठवली. थोडी कोरड पडलेली मात्र मायकोरायझाला चालते, उलट तेव्हाच तिची किंमत कळते, माती सुकत आली की स्फुरद आणखीनच हलेनासा होतो आणि धागेच तेवढे पोचतात. शेतकरी वाफसा म्हणतो ना, पाऊल चिखलात रुतत नाही पण ढेकूळ हातात दाबलं की फुटतं आणि आत गारवा असतो, पाणी पण आहे हवा पण आहे, या बुरशीला नेमकं तेच पाहिजे. वाफसा पाकिटात येत नाही हा प्रॉब्लेम आहे.

मग दुसरी फेरी केली, बारा कुंड्या, पण यावेळी बागेची माती नाही, धुतलेली वाळू आणि कोकोपीट, म्हणजे आधीपासून कोणी राहात नाही असं घर. पाणी वजनावर. आणि इथे पावडरीने मान राखली. दहा टक्के कंपोस्ट अधिक जिवंत पावडर, या तिन्ही कुंड्यांतले कांदे उकडलेल्या पावडरवाल्यांपेक्षा उघड मोठे, मुळांत निळ्या फांद्याच फांद्या, उकडलेल्यांत शून्य. चाळीस टक्के कंपोस्टमध्ये पुन्हा काही फरक नाही. तीन-तीन कुंड्यांवर मी काही शोधनिबंध लिहीत नाहीये, पण डोळ्यांना दिसेल एवढा फरक होता आणि मायक्रोस्कोपने तो कशाचा ते सांगितलं.

टाकायची पद्धतही पत्रकात चुकलीय, वरून भुरभुरा म्हणतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही (म्हणूनच ती बनवायला महाग, प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर वगैरे वाढवतात), बीजाणूने थोडा धागा काढला आणि मूळ मिळालं नाही तर परत गप्प. त्यामुळे रोप लावताना खड्ड्यात, मुळाला चिकटेल असं टाकायचं, किंवा ट्रेमध्ये बी पेरताना खाली. वर भुरभुरलेली उन्हात जाते. आणि बुरशीनाशकाचं पाणी त्याच कुंडीत दिलं तर विषयच संपला, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या गटातल्या औषधांनी संशोधक मुद्दाम ही बुरशी दाबतात, तुलनेसाठी.

कस्टमर केअरला मी मीटरचा ग्लासातला फोटो पाठवला. उत्तर आलं, मीटर पाण्यासाठी नाही मातीसाठी आहे. मग मातीतला फोटो पाठवला, कोमेजलेलं रोप आणि काटा ओलं वर. उत्तर आलं, अजून पावडर टाका. तिसऱ्यांदा लिहिलं नाही.

तर स्टार द्यायचेत म्हणून देते. पावडरला साडेतीन, कारण जिवंत आहे, एक कापला मुळ्याच्या चित्रासाठी आणि अर्धा पिसोलिथससाठी. कंपोस्टला अडीच, सहा आठवडे मुरवायची तयारी असेल तर साडेतीन धरा. मीटरला शून्य देता येत नाही म्हणून एक. पत्रकाला वेगळे स्टार द्यायची सोय नाही.

घ्यायचं कोणी? कोकोपीटमध्ये किंवा विकतच्या निर्जंतुक मिश्रणात रोपं करणाऱ्यांनी, बांधकामाच्या भरावाची मेलेली माती असणाऱ्यांनी, किंवा मातीचं उन्हाने वा वाफेने निर्जंतुकीकरण केलेल्यांनी, आणि पीक कांदा, लसूण, टोमॅटो, मिरची, मका, शेंगवर्गीय असेल तर, तेही नुसती पावडर, किट नको. बागेत आधीच काही चांगलं वाढत असेल तर पावडर घेऊ नका, तिथलीच मुळांसकट मूठभर माती रोपांच्या ट्रेत मिसळा, फक्त मुळकूज-मर झालेल्या जागची नको. पालक-मुळा-कोबीवाल्यांनी फक्त कंपोस्टचं बघा. आणि सुयांचा मीटर कोणीच नका घेऊ.

माझ्या पाकिटात अजून थोडी पावडर आहे, गार आणि कोरड्या जागी ठेवलीय कारण उन्हात गाडीत राहिलेलं पाकीट म्हणजे माझ्या कुकरमधलीच पावडर. संपायच्या तारखेआधी पुढचा कांद्याचा ट्रे तिच्यावर करणार आहे. मीटरच्या सुया टोकदार आहेत, बी पेरायला भोकं पाडायला बरा पडतो.